हात न लावलेला प्रोग्राम

"शेवटचं विचारते. त्या प्रोग्रामला हात कुणी लावला?" हेरबाईंनी समोरच्यांना विचारलं.

"मी नाही!" तिघेही एका सुरात म्हणाले.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. निवृत्तीनंतर ते हेरबाईंबरोबर हौसेने हिंडत. पण इथे चोरीला काय गेलंय तेच कळेना.

ती कृत्रिम पाय बनवणारी कार्यशाळा होती. संध्याकाळी एक मुलगी नवा पाय न्यायला येणार होती आणि तिची मापं ज्या प्रोग्राममध्ये होती तो उघडतच नव्हता. 'फाईल सापडत नाही', हे एकच पालुपद!

"सापडेल कशी? कारागिराने पुसली!" मालकीणबाई कडाडल्या. "शनिवारी रजेवरून भांडला, सोमवारी हे. काढून टाकलंय मी त्याला."

कारागीर हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसला होता. "फाईल पुसायला ती असते कुठे, हे तरी ठाऊक हवं ना?"

"अहो, सोमवारपासून या संगणकावरचा माझा रेडिओसुद्धा वाजत नाही," मालकीणबाईंची सून वैतागून म्हणाली. "तोही तेच म्हणतो, फाईल सापडत नाही."

हेरबाईंनी मान वर केली. "रेडिओ संगणकाबरोबर आला होता?"

"छे! मामांनी बाहेरून आणून बसवला. मापांच्या प्रोग्रामसारखाच."

"आणि घड्याळ? पत्रं लिहायची सोय?"

"ते मूळचंच. मस्त चाललंय."

मामा, म्हणजे मालकीणबाईंचा धाकटा भाऊ, घाईने पुढे झाला. "मी रविवारी फक्त संगणकाची मूळ प्रणाली नवी केली. बाहेरच्या प्रोग्रामना बोटही लावलं नाही. शपथेवर सांगतो!"

"शपथ कशाला? विश्वास आहे माझा."

"मग काय सगळेच हरिश्चंद्र?" मास्तर उसळले.

"सगळेच खरं बोलताहेत, मास्तर. घोटाळा तोच आहे." हेरबाई खुर्ची ओढून बसल्या. "कारागिराला सूड घ्यायचा असता, तर सुनेच्या रेडिओने त्याचं काय घोडं मारलं होतं? बंद काय पडलं ते बघा. फक्त बाहेरून आणलेलं! हे बाहेरचे प्रोग्राम प्रणालीच्या काही फाईली उसन्या वापरतात. रविवारी प्रणाली नवी झाली, जुन्या फाईली गेल्या, त्यांच्या जागी नव्या नावाच्या आल्या. हे मात्र अजून जुन्यांनाच हाका मारत बसलेत. प्रणालीपाठोपाठ त्यांनाही नवं करायला हवं होतं. हात लावला हा गुन्हाच नव्हे. लावला नाही, हा आहे."

भावाचा चेहरा पडला. "मला वाटलं, चालतंय ते कशाला छेडा..."

"आता छेडा."

त्याने बाहेरचे प्रोग्राम नवे करायची आज्ञा टाइप केली. पडद्यावरून ओळी सरसर धावल्या. थोड्या वेळाने मापांचा प्रोग्राम निमूटपणे उघडला आणि मुलीच्या पायाची आकृती समोर आली.

मालकीणबाई दाराशी गेल्या. "चुकलंच माझं. चला, कामाला लागा."

कारागीर उठला. "तिचा पाय संध्याकाळपर्यंत होईल," तो म्हणाला. "उद्यापासून मात्र दुसरीकडे जातोय. सकाळीच शब्द देऊन आलो."

मालकीणबाईंनी भावाकडे पाहिलं. तो पडद्याकडेच बघत राहिला.