साडेसतरा फूट

सन एकोणीसशे सदुसष्ट. मी तेवीस वर्षांची होते आणि मोजणी कचेरीत नकाशे काढत होते. बाहेरगावी मोजणीला बाई पाठवायची नाही, हा आमच्या साहेबांचा नियम. त्या वर्षी दोन मोजणीदार एकदम आजारी पडले, म्हणून नाइलाजानं त्यांनी मला जुन्या विद्यापीठाच्या शहरात तीन दिवसांसाठी धाडलं. फीत धरायला सोबत शिपाईकाका. पण गाडीतून उतरतानाच काकांना हुडहुडी भरली. त्यांना खोलीवर दोन पांघरुणांखाली निजवलं आणि फीत खांद्याला अडकवून मी एकटीच निघाले.

मोजायची होती ती विद्यापीठाची सगळ्यात जुनी गल्ली. एका टोकाला घड्याळाचा मनोरा, दुसऱ्या टोकाला महाविद्यालयाचा दरवाजा. एका बाजूला ग्रंथालयाची उंच दगडी भिंत, समोर कमानींची लांबलचक ओळ, आणि कमानींमागे दुकानं... जुन्या पुस्तकांची, शाईची, पुस्तकबांधणीची. कित्येक पिढ्यांच्या चालण्यानं फरशा मधोमध खोल झाल्या होत्या आणि सकाळच्या भुरभुर पावसाचं पाणी त्यात थांबलं होतं. शेजारून मुलं परीक्षेचं काहीतरी घोकत जात होती. मी हरखून उभी राहिले. मग आठवलं, फितीला दोन टोकं असतात.

"अहो, जरा हे टोक धरता का?"

बांधणीच्या दुकानातून एकजण बाहेर येत होता. उंच, किडकिडीत, कोपरापर्यंत बाह्या सारलेल्या, बोटांना खळ लागलेली.

"धरतो की," तो म्हणाला. "पण एकदा धरलं तर सुटणार नाही. खळ आहे हाताला."

"मग आधी हात धुवा."

"हुकूम!" आणि खरंच धुऊन आला.

त्या दिवशी मनोऱ्यापासून आम्ही दर दहा पावलांवर गल्लीची रुंदी घेत गेलो. तो कमानीच्या खांबाला टोक लावायचा, मी समोरच्या भिंतीशी आकडा वाचायची. मध्ये गल्लीभर अंतर, त्यामुळे बोलणं सगळं मोठ्यानं.

"मोजणीबाई, वर बघा! तिसरी खिडकी. तिथं बसून माझे आजोबा ग्रंथालयाच्या पोथ्या दुरुस्त करायचे."

"एकोणीस फूट एक! – आणि तुम्ही?"

"मी पोरांचे प्रबंध बांधतो. वाचतोसुद्धा. पहिलं पान आणि शेवटचं!"

"मधलं?"

"मधलं त्यांनी तरी कुठे वाचलेलं असतं?"

जाणारी मुलं हसली. मीही हसले आणि आकडा चुकीच्या रकान्यात लिहिला.

दुपारी त्यानं मनोरा दाखवला, ग्रंथालयाचं वाचनगृह दाखवलं. हिरव्या दिव्यांखाली वाकलेली डोकी, जुन्या कातड्याचा वास, आणि इतकी शांतता की माझी चप्पल वाजली तेव्हा त्यानं नुसतं माझ्याकडे पाहिलं... तेवढ्यानं मला घाम फुटला.

"हे सगळं मोजता कशासाठी?" बाहेर आल्यावर त्यानं विचारलं.

मी सरळ सांगितलं. गल्लीतून मोटारी न्यायच्या होत्या. कुठंही अठरा फुटांपेक्षा कमी रुंदी भरली, तर तिथल्या कमानी पाडायच्या. त्यानं मान हलवली. फितीचं टोक पुन्हा उचललं.

त्याचं दुकान सगळ्यात शेवटी आलं. तिथं ग्रंथालयाची भिंत पुढे आली होती, म्हणजे गल्ली तिथंच अरुंद. कमानीखाली, भरपूर उजेडात, त्याची आई चटईवर बसून पुस्तकाच्या पानांचे फर्मे शिवत होती. त्यानं खांबाशी टोक धरलं. मी वाचलं.

"अठरा फूट दोन इंच!"

मला कोण आनंद झाला! वाटलं, तोही ओरडेल. तो नुसतं "बरं झालं" म्हणाला आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी खोलीवर बसून मी नकाशा आखायला घेतला. सगळे खांब एका ओळीत आले. फक्त त्याचा खांब माझ्या कागदावर आठ इंच मागे सरकला. खांब काही मागे सरकत नाहीत. दोनदा तपासलं. मग डोळ्यांपुढे आलं... त्या खांबाला दिवा ठेवण्यापुरता एक कोनाडा होता.

फार रडू आलं मला. आठ इंचांसाठी नव्हे. त्या हसण्या-बोलण्यातलं खरं किती आणि कोनाड्यातलं किती, तेच कळेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारात उभी राहिले. "फीत पुन्हा धरा."

"परवा धरली होती की."

"परवा कोनाड्यात धरली होती."

त्याचा चेहरा उतरला. माझ्या नजरेला नजर न देता म्हणाला, "आत अंधार आहे हो. आईची नजर अधू झालीय, ती या उजेडावर शिवते. कमान गेली तर तिची बसायची जागाच गेली... आठ इंचांनी कुणाचं काय जातंय असं वाटलं."

"माझी नोकरी जाते," मी म्हटलं. "आणि दुसरं कुणी येऊन मोजतंच. मग सगळे म्हणतात, बाईला पाठवलं म्हणून असं झालं."

"हे... हे माझ्या लक्षातच आलं नाही."

"येईल कसं?" मागून त्याची आई कडाडली. सुई तशीच हातात. "माझ्या नावावर लबाडी करतोस? तीही पोरीच्या जातीला फसवून? ऊठ, धर नीट! नाहीतर मी धरते."

त्यानं टोक उचललं. खांबाच्या अंगाला टेकवून अंगठ्यानं घट्ट दाबलं. मी आकडा बघितला, पुन्हा बघितला.

"वाचा, मोजणीबाई," तो हळूच म्हणाला. "मी धरलंय."

"साडेसतरा फूट."

"लिहा."

मी लिहिलं. काकांचा ताप उतरला होता, दुपारची गाडी होती. तो स्टेशनवर आला. काकांची वळकटी वर चढवली, खिडकीशी उभा राहिला.

"एक सांगू? परवा जे खोटं होतं ते तेवढंच होतं. आठ इंच. बाकी सगळं..."

गाडी हलली. मी मान वळवून बसले. काका म्हणाले, "बाई, अहो, तो अजून उभाच आहे." तरी मी बघितलं नाही. आजही त्याची चुटपुट लागते.

मग आठ महिने काहीच नाही. मी पत्र लिहायला घ्यायची आणि फाडायची. ज्याची कमान आपण पाडली त्याला काय लिहिणार?

एका सोमवारी भर कचेरीत माझ्या टेबलापुढे सावली पडली. वर पाहिलं तर तोच. आजूबाजूची सगळी टेबलं गप्प झाली. टंकलेखिकेचं यंत्रही थांबलं.

"पडली?" मी विचारलं.

"गेल्या महिन्यात."

"आणि आई?"

"दारात बसते. सकाळचा उजेड पुरतो. दुपारी दिवा लावते आणि मला शिव्या देते." त्याचे कान लाल झाले होते. "मोजणीबाई, दुकान अर्धं उरलंय. माणूस अख्खा आहे. चालेल?"

कुणीतरी खोकलं. मी पेन्सिलीला उगीचच टोक करत म्हटलं, "तुमच्या आईला विचारा. तिची कमान मीच घालवली."

"तिनंच पाठवलंय. म्हणाली, ती घरात आली तर तू तरी सरळ होशील."

"आणि... तुम्हाला काय वाटतं?"

"मला? मी त्या दिवसापासून टोक धरूनच उभा आहे."

पेन्सिलीचं टोक मोडलं. "चालेल," मी म्हटलं. ते इतकं हळू, की साहेबांनी आतून विचारलं, "काय म्हणाली? हो म्हणाली का?"

साहेब पुढे मोठ्या हुद्द्यावर चढून निवृत्त झाले, आणि ही सोयरीक आपण जमवली असं शेवटपर्यंत सांगत राहिले. शिपाईकाका म्हणायचे, "माझा ताप नसता तर?" ते लवकर गेले. मी त्याच शहरात बदली मागून घेतली आणि तिथूनच पेन्शनीत निघाले. सासूबाई शहाऐंशी वर्षं जगल्या. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायच्या, "ही माझी सून. हिनं माझी कमान पाडली." त्यात तक्रार किती आणि कौतुक किती, मला कधी कळलं नाही. गल्लीतून बारा वर्षं मोटारी गेल्या, मग नगरपालिकेनं त्या बंद केल्या. आता तिथं पाहुणे रमतगमत पायी फिरतात आणि आमच्या दुकानापुढे, इथंच तेवढी कमान का नाही, म्हणून थबकतात. दुकान मुलीनं चालवायला घेतलंय.

तो जाऊन चार वर्षं झाली. एवढ्या संसारात तो माझ्याशी पुन्हा खोटं बोलला तो फक्त शेवटच्या दुखण्यात. रोज सकाळी विचारलं, की म्हणायचा, "आज बरं वाटतंय." ते मात्र मी कधी तपासून पाहिलं नाही. म्हणेल तेवढं लिहून घेतलं.