घुरघुर

दार लोटून घे रे, आणि तो फोन ठेव खिशात. हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्या. ही थाप नाही. हा माणूस माझा सख्खा शेजारी. इलेक्ट्रिक गिटारी दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला तारवाला म्हणायचे.

बारा डिसेंबर, शुक्रवार. रात्रीचे पावणेनऊ. तारवाला दुकान आवरत होता, तेवढ्यात एक मुलगी गिटार घेऊन आली.

"काका, दादा गेल्यापासून ही पेटीतच आहे. वाजण्याजोगी करून द्याल?"

गिटार तारवाल्याने लगेच ओळखली. "ठेव. सकाळी ने," एवढंच म्हणाला.

आता मागचं ऐका. वर्षापूर्वी हिचा दादा त्याच्याकडे अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, घेऊन आला होता. अँप सारखा घुरघुरायचा. नीट शोधायचं तर दोन दिवस मोडले असते, आणि याला आला कंटाळा. याने काय करावं? प्लगजवळची अर्थिंगची, म्हणजे गळती वीज जमिनीत सोडणारी, हिरवी वायर बोटभर कापली नि तुकडा गटारात फेकला. घुरघुर बंद! "काका, गेली की घुरघुर!" पोरगा काय खूश झाला म्हणता! चौथ्या दिवशी मंचावर अँपमधली वीज गिटारच्या तारांत उतरली. हात तारांवर, ओठ माइकला. जागच्या जागी गेला बिचारा. आणि हा पठ्ठ्या? कार्यक्रम बघायला आला होता, त्या गोंधळात पुढे झाला आणि गुपचूप नवी वायर जोडून मोकळा. आळ आला मंचावर वीज जोडणाऱ्या लाइटवाल्यावर. दोन लेकरांचा बाप, पण कुणी दारात उभं करेना. तारवाला सगळं बघत गप्प बसला. मला आजही त्याची चीड येते.

तर त्या रात्री त्याने काम काढलं. गंजक्या तारा उतरवल्या. गिटारची दांडी वाकली होती, तिच्यातली सळई किल्लीने पाव फेरा पिळून ती सरळ केली. नव्या सहा तारा चढवल्या, त्यांची उंची बेताची ठेवली, सूर लावले. हाताला कसब होतं हो, खोटं का बोला. मग अँपला जोडून बघितली.

घूंऽऽ...

जोडण्या तपासल्या. सगळं ठीक. अँप बंद केला.

घूंऽऽ...

प्लग उपटून हातात घेतला. तरी चालूच.

तारांना हात लावला की घुरघुर कमी होते, हा त्याचा रोजचा अनुभव. त्याने डावा हात तारांवर ठेवला.

थांबली.

"काका... गेली का घुरघुर?"

आवाज अँपमधून.

"मी... मी नाही रे. तो लाइटवाला..."

मग त्या हाताची मूठ वळली. आपोआप. उघडेचना.

सकाळी मीच त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सुई दिली, चोळून पाहिलं, काही उपयोग नाही. नऊ दिवस त्याला ना झोप, ना अन्न. दहाव्या दिवशी रडत म्हणाला, "लाइटवाल्याला बोलाव. त्या पोरीलाही." दोघांसमोर त्याने सगळं ओकून टाकलं. पोरगी म्हणाली, "हेच पोलिसांना सांगायचं, काका." त्याने मान डोलावली.

तेव्हा बोटं सुटली. एकेक करून. काळीठिक्कर पडली होती. पुन्हा त्या हाताने त्याला कधी तार धरता आली नाही.

मी अगदी शेजारी उभा होतो. तळहातावर बोटभर हिरव्या वायरचा तुकडा होता. गटाराच्या चिखलाने माखलेला... अजून ओला.