तोंड तिचं आहे

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मावशीची आहे, आणि मावशी देवाला भिऊन वागणारी बाई आहे, थापा मारत नाही. ज्याला हसायचं त्यानं खुशाल हसावं.

मावशी जुनी चित्रं साफ करते. घराच्या माडीवर तिची कामाची खोली, उत्तरेला मोठी खिडकी. गेल्या हिवाळ्यात, एका सोमवारी सकाळी, जुन्या वस्तूंच्या दुकानदारानं तिथं एक चित्र आणून टेकवलं. विशीतली मुलगी. देखणी. ओठ घट्ट मिटलेले.

"नुसता मळ काढा, ताई. बाकी कशाला हात लावू नका."

काम करताना देवाचं गाणं म्हणायची मावशीची सवय. आवाज असा, की खालच्या गल्लीतली माणसं चालता चालता थबकत.

तिनं ओला बोळा चित्रातल्या ओठांवरून फिरवला... आणि गाणं थांबलं.

ओठ पुसले जात होते.

खाली दुसरे ओठ होते. उघडे. मुलगी गात होती!

वरचा रंगही त्याच चित्रकाराचा. हात तोच, फटकारे तेच. आधी त्यानं तिला गाताना रंगवलं होतं. मग कधीतरी येऊन तिचं तोंड बंद केलं होतं.

मावशीचं पित्त खवळलं. संध्याकाळपर्यंत तिनं ते ओठ मोकळे केले.

मंगळवारी सकाळी कुलूप काढलं, तर...

ओठ मिटलेले.

रंग ओला होता. खोलीभर रंगाच्या तेलाचा वास. किल्ली एकच, ती मावशीच्या गळ्यात.

तिनं काकांना हाक मारली. आवाज घोगरा निघाला.

"थंडी बाधली तुला," काका खालूनच म्हणाले.

मावशीनं पुन्हा बोळा उचलला. "चित्र तुझं असेल रे बाबा," ती रिकाम्या खोलीला म्हणाली, "पण तोंड तिचं आहे!"

कोपऱ्यातून आवाज आला... टण्... टण्... काचेच्या बरणीत कुणी कुंचला खळबळावा, तसा.

कोपऱ्यात बरणी नव्हती.

बुधवारी ओठ परत मिटलेले. आणि मावशीचा आवाज पार गेलेला. डॉक्टर म्हणाले, घशात काही नाही.

"लग्नानंतर पहिल्यांदाच माझं कुणी ऐकून घेतंय," काका हसले. मग त्यांनी तिचे डोळे पाहिले. "देऊन टाक गं ते चित्र. आवाज कायमचा गेला तर? गाण्यावाचून जगशील?"

मावशीनं मान हलवली. नाही.

मग हातानंच सांगितलं, चित्रही देणार नाही.

भर दुपारी ती कामाला बसली. काका दारात उभे.

अर्धे ओठ पुसून झाले, आणि मावशी दचकली. तिच्या स्वतःच्या ओठांवरून काहीतरी फिरत होतं... गार, मऊ, केसाळ.

काकांनी पाहिलं. तिचे ओठ लाल होत होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग चिकटले.

"ऊठ! तोंड पूस आधी!"

मावशी उठली नाही. आधी त्या मुलीचं तोंड पुसलं. शेवटचा ठिपका निघेपर्यंत.

आणि खोलीत गाणं उमटलं. खणखणीत, भरलेलं.

"आला! आवाज आला तुझा!" काका धावले...

मावशीचे ओठ अजून चिकटलेलेच होते.

तिनं बोळ्यानं खसाखसा आपलं तोंड पुसलं आणि त्या गाण्यात आपला सूर मिसळला.

दुकानदार आला, चित्राकडे एकदा बघितलं. "तुमच्याकडेच राहू द्या, ताई," म्हणाला आणि जिना उतरला. ते आता माडीवरच असतं.

तो चित्रकार गेला असं नाही. कधी कधी मावशी उठते, तेव्हा तिच्या ओठांवर रंग असतो. ती पुसते आणि चार घरांना ऐकू जाईल असं गाते.

परवा मी तिच्याकडे राहिले होते. सकाळी आरशात बघितलं...

रंग माझ्या ओठांवर होता.

मावशीनं बोळा पुढे केला. "पूस. आणि गा."

मला गाता येत नाही. तरी गायले.

पण हे लिहितानाही जिभेवर तेलाची चव आहे...