थांब, उतरून राह्यलो

ही गोष्ट खरी आहे. माझ्या साडूच्या, जगदेवच्या बाबतीत घडलेली. रात्रीची नाही. मागच्या वैशाखातली, भर दुपारची.

आसेगावकडच्या त्याच्या गावची गढी कधीच पाडली. राहिला एकटा घड्याळाचा मनोरा. दर बाजाराच्या दिवशी वर चढून त्या घड्याळाला चावी द्यावी लागते. जगदेवनं ती जन्मभर दिली. आता डावा गुडघा वाकत नव्हता. लेक उज्ज्वला वाशिमला राहायला बोलवत होती. पण हे काम घ्यायला गावात कुणी तयार नव्हतं.

शेवटी त्याचा दोस्त, सादिक गवंडी, कबूल झाला.

"मरेपर्यंत चढतं का बुढ्या? आन ते चावी इकडं."

जगदेवनं चावी त्याच्या हातात ठेवली आणि मनोऱ्याच्या दाराशी ओट्यावर टेकला. फार वर्षांनी त्याला मोकळं वाटलं.

मनोऱ्याचा जिना अरुंद. दोघं समोरासमोर आले की अडकतात. म्हणून आधी खालून हाक द्यायची, ही तिथली रीत. सादिकनं दिली.

"वर कोन हाये?"

कोण असणार? दाराचं कुलूप तर आत्ताच उघडलं होतं.

पण वरून आवाज आला...

"थांब, उतरून राह्यलो."

दमलेला आवाज.

मग पावलं. एक पडायचं... दुसरं घासत यायचं.

शेवटच्या वळणाशी ती थांबली.

बाहेर कुणीच आलं नाही.

सादिक पांढराफटक पडला. "जगदेव... हा तं तुहा आवाज हाये."

"मी तं इथं बसलो बे!"

"तेच तं पाहून राह्यलो."

चावी जगदेवच्या मांडीवर टाकून तो निघून गेला. मागं वळूनही पाहिलं नाही.

पुढच्या बाजाराला जगदेव स्वतःच चढला. चावी दिली. दम खात बसला.

तेवढ्यात खालून सादिकची हाक आली...

"वर कोन हाये?"

आला बापडा! जगदेवचा जीव भांड्यात पडला.

"थांब, उतरून राह्यलो."

पाय ओढत तो उतरला. शेवटच्या वळणावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. पाय तिथंच थिजले.

खाली कुणीच नव्हतं.

सादिक सकाळपासून मंगरूळपीरला होता, सुनेला घेऊन दर्ग्यात.

घड्याळ अजून चालू आहे. परवा फोनवर मी जगदेवला म्हटलं, सोडून दे आता ते काम.

तो म्हणाला,

"सोडलं होतं ना भाऊ, एकदा."