ओ नाय, बंद, परत चालू

टोकावड्याच्या अलीकडे रस्त्याला लागून जगदीशची पोल्ट्री. चार हजार पिल्लं आणि त्यांचे पंखे चालवणारा एक रडका कॉम्प्युटर. पंख्यांचा प्रोग्राम भर दुपारीच अडकायचा, आणि एप्रिलात अर्धा तास वारा थांबला की पिल्लं माना टाकतात.

जगदीशच्या लेकीनं, भूमिकानं, त्यावर तोड काढली. चार ओळींचा कोड लिहिला. चालू प्रोग्रामला हाक मारायची; मिनिटभरात ओ आली नाय तर तो बंद करून परत चालू करायचा. कुठल्या प्रोग्रामला, ते नाव मात्र तिनं घातलंच नाही. डोकं ठिकाणावर होतं कुठे बयेचं!

घरात तिसऱ्या दिवशीही अबोला होता. तिला कल्याणला नोकरी लागली होती आणि बापाला ते खपत नव्हतं. पाणी हवं असलं तरी तो भिंतीला सांगायचा. तिला त्याच्या तोंडून 'जा' ऐकायचं होतं, त्याशिवाय तिचा पाय निघणार नव्हता.

पडद्यावर ओळ उमटली: पंखे. ओ नाय. बंद. परत चालू.

पंखे घुमू लागले. भूमिका खूश झाली.

मोती. ओ नाय. बंद. परत चालू.

मोती म्हणजे दारातला बहिरा कुत्रा. ती बाहेर आली. तिनं ओठातल्या ओठात त्याचं नाव घेतलं, तर तो ताडकन उठून शेपटी हलवायला लागला. नजर तिच्याकडे नव्हती, कुठेच नव्हती.

ती आत पळाली तर नवी ओळ: जगदीश.

कोड बंद होईना. तिनं वायर उपटली. पडदा तसाच उजळलेला.

अंगणात बाप खाटेवर विडी ओढत बसला होता.

"बाबा, ओ दे. शिव्या घाल, पन बोल."

त्यानं तिच्याकडे रागानं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

तिनं त्याचे पाय धरले, रडली. त्याची हनुवटी थरथरली. ओठ उघडत होते.

विडी खाली पडली. मान छातीवर आली.

मग मान वर झाली.

"काय गो बाय?" आवाज गोड. रागाचा मागमूस नाही.

"कल्याणला जाऊ मी?"

"जा."

"नको जाऊ?"

"नको जाऊ."

तिनं तोंडावर हात दाबून धरला. मनातल्या मनात तेवढं 'बाबा' म्हणाली.

"ओ," तो म्हणाला.