सक्तीचा रकाना

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण हे माझ्या सख्ख्या पुतण्याच्या बाबतीत घडलंय, आणि तेही भर दुपारी, चौथ्या मजल्यावरच्या लखलखीत ऑफिसात. भुतांनाही हल्ली एसी लागतो.

पुतण्या माहितीचे साचे बनवतो. नोंदीत कोणते रकाने असावेत, कोणता भरायलाच हवा, हे साचा ठरवतो. त्या दिवशी एका ग्रंथालयाच्या सभासदांचं काम होतं. कोणते तयार तुकडे लागतील हे त्यानं कॉन्फिगरेशनच्या फाइलीत लिहिलं आणि बिल्ड लावलं, म्हणजे ते जोडून साचा तयार करायला संगणकाला सांगितलं.

तीन तुकडे मागवले होते...

चार आले.

चौथा त्याच्याच हातचा. जुन्या नोकरीत दवाखान्यासाठी केलेला.

तेव्हा बिल्ड अडत होतं, म्हणून पठ्ठ्यानं ॲलर्जीचा सक्तीचा रकाना 'भरला तर भरला' असा करून टाकला होता. बिल्ड पास झालं. पुढे एका बाईचा तो रकाना रिकामाच राहिला. इंजेक्शन दिलं, घसा सुजला, बाई गेली. यानं गुपचूप नोकरी बदलली.

त्यानं तो तुकडा उडवला. पुन्हा बिल्ड लावलं...

पुन्हा चार.

"काय गं, माझ्या फाइलीत काही घुसडलंस का?" त्यानं शेजारी बसून त्याच्या कामातल्या चुका शोधणाऱ्या टेस्टरला विचारलं.

"मी? तुझी घाण काढता काढता माझी कंबर मोडलीय. वर आणखी घालू कशाला?"

त्यानं नेटची वायरच उपटली.

तरी चार.

लॅपटॉपचा पंखा घरघरला... कुणीतरी श्वास आत ओढावा तसा. ओढतच राहिला.

सोडला मात्र नाही.

"चुकलो, बाई," तो पुटपुटला. त्या तुकड्यातला ॲलर्जीचा रकाना पुन्हा सक्तीचा केला.

बिल्ड पास!

तो हुश्श म्हणणार, तोच चाचणीची नोंद आपोआप उघडली. त्याच्याच नावाची. ॲलर्जीच्या रकान्यात एकेक अक्षर उमटलं...

हवा.

"अरे, काय होतंय? बोल ना!" त्याला श्वास लागलेला पाहून टेस्टरनं धावत जाऊन खिडकी उघडली.

तसा त्याचा गळा टम्म फुगला.

डॉक्टरांना आजवर काही सापडलेलं नाही. आता तो एकाच खोलीत असतो. फटींना चिकटपट्ट्या लावल्यात. श्वास घेतो, पण चोरून, लागेल तेवढाच.

परवा भेटायला गेलो, तर त्याची बायको म्हणाली, "काका, आधी दार लावा. तिला आत यायला तेवढंच पुरतं."

"कुणाला?"

तिनं दाराच्या फटीवर नवी चिकटपट्टी दाबून बसवली.

मी उभा जन्म खिडकी सताड उघडी टाकून झोपलो. परवापासून कडी लावतो.