हवेत कसलेले बोल्ट

साहेब, तो खड्डा तुमचा आहे.

पाण्याच्या टाकीपाशी रस्ता वळतो, तिथला. खालची मोरी खचलीय हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. तरी दर वेळी वरून खडी टाकता, फोटो काढता आणि हात झटकून घरी जाता. त्या खड्ड्यानं कुणाकुणाची चाकं मोडली ते मी विचारत नाही. आमचं गॅरेज त्यावरच चालतं, म्हणाल तर तुमचंच मीठ खाते. पण माझी झोप मोडली, त्याचं काय? नीट ऐका.

तो आला तेव्हा पत्र्यावर पाऊस वाजत होता, आणि त्याच्या आधी त्याची गाडी ऐकू आली. खड्... खड्... खड्. जुनी, बसकी, दोन सीटची स्पोर्ट्स कार. लाल रंग उन्हानं विटून गाजरासारखा झालेला. पुढच्या उजव्या बाजूला अशी कललेली, जणू कुणीतरी तिच्या कानशिलात दिली होती. तो उतरला तो थेट चिखलात. बूट भरला. तरी आधी त्यानं बॉनेटवरून हात फिरवला.

"हिला बरं करता येईल?" त्यानं मामांना विचारलं.

मामांनी पान्यानं माझ्याकडे दाखवलं. "खालची कामं भाचीची. मी आता फक्त कुरकुर करतो."

मी मडगार्डवर दोन्ही हात ठेवून गाडी खाली दाबली आणि सोडली. शॉकअप चांगले असले की गाडी एकदा वर येते आणि गप्प होते. ही डोलतच राहिली.

"स्प्रिंगचं काम उसळायचं," मी म्हटलं. "तिला आवरायचं काम शॉकअपचं. तुमच्याकडे आवरणारं कुणी उरलेलं नाही."

"हे गाडीबद्दल ना?"

मी वर पाहिलं. चेहरा अगदी सरळ. डोळे मात्र... जाऊ दे.

"पुढचा उजवा स्ट्रट वाकलाय. शॉकअप आणि स्प्रिंग, दोन्ही त्या एकाच जोडणीत असतात. ती अख्खी गेली. डावीही बदलावी लागेल."

"डावीनं काय केलं?"

"काही नाही. पण या जोडीनंच बदलतात. एक नवी, एक जुनी, असं ठेवलं की दोघींचं पटत नाही."

"आईही जोडीचं असंच काहीतरी म्हणत असते," तो म्हणाला. "तिला गाडीतलं काही कळत नाही."

मामा उगाच खोकले. मी विषय बदलला. "आदळली कुठे?"

"टाकीच्या वळणावर."

झालं. माझं तोंड सुटलं. रस्ते खात्याच्या मी सात पिढ्या उद्धारल्या. त्या खात्यातल्या एकेकाला त्याच खड्ड्यात बसवून वरून खडी ओतली पाहिजे, असं म्हटलं. खडी चाळून घ्यायचीही गरज नाही, असंही म्हटलं.

तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मी त्याच खात्यात आहे."

मामांनी घसा खाकरला. गिऱ्हाईक गेलं, असं ते खाकरणं होतं.

"मग?" मी म्हटलं. माघार घ्यायची मला सवय नाही.

"मग काही नाही. चालू द्या. ऑफिसात इतकं खरं कुणी बोलत नाही."

आणि त्यानं सांगितलं. खड्डा बुजलाय अशी सही वरच्यांना त्याच्याकडून हवी होती. सहीआधी हा बघायला गेला. खड्डा पावसाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेला, रस्त्यासारखा सपाट. "मला वाटलं, अरे, खरंच बुजवला की..."

"आणि चाक आत."

"आणि चाक आत."

मी हसले. साहेब, तिथेच चुकलं.

त्या गाडीचे सुटे भाग इथे मिळत नाहीत, लांबून मागवावे लागले. हा रोज संध्याकाळी यायचा. "आले का?" "नाही." "बरं." आणि बसायचा, टायरच्या चळतीवर. नुसते बदलून भागणार नव्हतं, त्याला चारही शॉकअप आधीपेक्षा चांगले हवे होते. उंची कमी-जास्त करता येणारे, वर चक्री असलेले. चक्री एका बाजूला फिरवली की चाल कडक, उलट फिरवली की मऊ.

"तुम्हाला आहे का अशी चक्री?" त्यानं विचारलं.

"आहे. गंजलीय."

"तेल घालून बघितलंत?"

"घालणाऱ्याचे हात आधी बघते मी."

त्यानं दोन्ही हात पुढे केले. स्वच्छ होते. मला उगाच राग आला.

एका संध्याकाळी तो आला नाही. मी पाने लहानापासून मोठ्यापर्यंत लावले, मग मोठ्यापासून लहानापर्यंत. दाराशी गेले, परत आले. घट्ट असलेलं झाकण पुन्हा घट्ट केलं. मामांवर खेकसले की चौदाचा पाना कुठे ठेवलात.

"तुझ्या हातात आहे, पोरी," मामा म्हणाले.

मडगार्ड दाबून सोडलेली ती गाडी आठवते ना? माझं तेच झालं होतं. थांबवणारं कुणी नव्हतं आतमध्ये.

भाग आले. मागचे शॉकअप मुकाट्यानं बसले. पुढच्या स्ट्रटसाठी स्प्रिंग शिकंज्यात धरून आवळावी लागते. तो वाकून बघत होता.

"लांब व्हा. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस उरत नाही."

"मग इतकी दाबायचीच कशाला?"

"दाबल्याशिवाय जागेवर बसत नाही."

तो लांब झाला. पण फारसा नाही. त्याच्या शर्टाला ओल्या रस्त्याचा वास होता, आणि मी एकच पेच पुन्हापुन्हा फिरवत राहिले...

शेवटच्या संध्याकाळी गाडी आमच्या कामाच्या खड्ड्यावर, लोखंडी घोड्यांवर चढवलेली होती. चाकं लटकत होती. उरले होते फक्त बुशचे बोल्ट. तो दारातच उभा राहिला.

"बदली झाली," तो म्हणाला. "डोंगरापलीकडे. सोमवारी हजर व्हायचंय."

"का?"

"सही केली नाही."

साहेब, ऐकताय ना?

"बरं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? पाना उचलला आणि बोल्ट कसायला लागले. एक, मग पुढचा, मग पलीकडचा, दात आवळून.

"थांब," मामा म्हणाले. मी थांबले नाही. मामांनी पान्यावर हात ठेवला. "पोरी, गाडी हवेत आहे."

चाकाला धरणाऱ्या दांड्यांच्या टोकाशी रबरी बुश असतात. त्यांचे बोल्ट गाडी हवेत लटकत असताना कसायचे नाहीत, हे मला पाना दोन हातांनी उचलावा लागायचा तेव्हापासून माहीत आहे. हवेत कसले, की गाडी खाली आल्यावर रबर पिळलेलंच राहतं आणि एक दिवस फाटतं. आधी चाकं जमिनीला लागू द्यायची. बसणाऱ्याचं वजन द्यायचं. मग कसायचं.

माझ्या हातून असं कधीच झालं नव्हतं. मामांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि सगळे बोल्ट सैल केले. आम्ही गाडी चाकांवर उतरवली. मामा पाना घेऊन खड्ड्यात गेले.

"वजन द्या," खालून आवाज आला.

तो स्टिअरिंगमागे बसला. मी त्याच्या खिडकीशी उभी राहिले.

"एकासाठी कसायची की दोघांसाठी?"

"फरक पडतो?"

"पडतो. दोघांसाठी लावली आणि दुसरी सीट रिकामी राहिली, तर गाडी बारीकशी कलते. दुसऱ्या कुणाला कळणार नाही. तुम्हाला कळेल. प्रत्येक वळणावर."

"आणि एकासाठी लावली तर?"

"तर शेजारी कुणाला बसवायचं नाही."

तो समोरच्या काचेतून बघत राहिला. काचेपलीकडे भिंतीवरच्या जुन्या टायरशिवाय काही नव्हतं.

"तू हे गॅरेज सोडणार नाहीस," तो म्हणाला.

तू. पहिल्यांदाच.

"नाही सोडणार."

"सोड असं मी म्हणणारही नाही. मी दर शनिवारी डोंगर उतरून येईन. पण तुला ते... म्हणजे तुझी हरकत..."

"तोंडात खडी भरलीय का तुझ्या?"

खड्ड्यातून मामा म्हणाले, "मला पाठीचा त्रास आहे. लवकर ठरवा."

तो वाकला, आणि डावीकडचं दार आतून उघडायला लागला. त्या दाराची कडी अडकते. त्याला खांद्यानं ढकलावं लागलं.

"दोघांसाठी," तो म्हणाला.

मी फिरून गेले आणि बसले. गाडी थोडी दबली, एकदा वर आली, आणि थांबली.

"हलू नका," खालून मामा म्हणाले. "कसतोय."

त्यानं हात पुढे केला. "माझ्या हाताला ग्रीस आहे," मी म्हटलं.

"बघितलं," तो म्हणाला, आणि धरला.

तर साहेब, असं आहे सगळं. खोटी सही केली नाही, त्याची बदली झाली. खोटी सही मागितली, ते खुर्चीत आहेत. खड्डा जिथल्या तिथे. येत्या शनिवारी तो डोंगर उतरेल, मी गॅरेजच्या दारातून गाडीत बसेन, आणि आम्ही दोघं त्या वळणावर उतरून बघणार आहोत. खडी टाकून आम्हाला फसवू नका, माझा मामा नुसत्या आवाजावरून सांगतो खाली पोकळ आहे की भरीव.

मोरी कधी बांधताय? आणि माझा माणूस परत कधी पाठवताय? उत्तर द्या.